‘ट्रॅक्टर शेत मारतो’ असं आजोबा का म्हणायचे?

गोव्यात पेडण्याच्या एका मुलानं विचारलंय. घरची भातशेती मिळून पाऊण हेक्टर, ती पण सात तुकड्यांत, तीन तुकडे खाली खाजनात (खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेली जमीन) आणि बाकीचे वर खेरात (खाजनाच्या वरची जमीन) पायऱ्या-पायऱ्यांचे. आजोबा होते तोवर बैल होते आणि कोणी ट्रॅक्टरचं नाव काढलं की "ट्रॅक्टर शेत मारतो" म्हणून उठून जायचे. आता कोणीतरी ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर स्वस्तात देतोय, तो घ्यावा का? आणि दुसरं म्हणजे जगात शंभर वर्षांपूर्वी आलेला ट्रॅक्टर आपल्याकडे एवढ्या उशिरा का आला, आजोबांसारखी माणसं अडाणी होती म्हणून का?

मी दिचोलीच्या बाजूला तीस-पस्तीस वर्षं टिलर (दोन चाकी, मागून चालत धरायचं नांगरटीचं मशीन) आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला खोलतोय, त्याआधी चार पावसाळे भाड्यानं टिलर चालवला, त्यामुळे पुस्तकी उत्तर देणार नाही, पण जरा लांबण लागेल कारण तुझे दोन्ही प्रश्न खरं म्हणजे एकच आहेत. लोकांना वाटतं ट्रॅक्टरची गोष्ट म्हणजे ताकदीची गोष्ट, बैलजोडी एक एचपीच्या आसपास, ट्रॅक्टर पस्तीस, संपला विषय. तसं नाहीये. ताकद माणसाकडे ट्रॅक्टरच्या कितीतरी आधी आली होती, अडलं होतं ते वजनापाशी. ती ताकद मऊ जमिनीवर उभी कशी करायची, हेच सगळ्यांना सुचत नव्हतं.

वाफेचं इंजिन बघ. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये वाफेवर नांगरट चालायची, पण इंजिन शेतात जायचंच नाही! लीड्सचा जॉन फाउलर म्हणून होता, त्यानं १८५८ साली रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडाचं बक्षीस मिळवलं ते याच युक्तीवर, की दोराला बांधलेला नांगर शेतातून इकडून तिकडे ओढायचा. पुढे तर शेताच्या दोन बाजूंना दोन इंजिनं उभी करायचे आणि मधे नांगर तारेच्या दोरानं ये-जा करायचा. का? कारण दहा-बारा टनाचं धूड शेतात घातलं तर नांगरट बाजूला राहील आणि धूड काढायलाच दुसरं धूड लागेल. म्हणजे तेव्हाच्या इंजिनिअरला पण तुझ्या आजोबांचीच भीती होती बघ.

मग पेट्रोलची इंजिनं आली. अमेरिकेत आयोवा राज्यात जॉन फ्रोलिच नावाच्या माणसानं १८९२ साली पुढे-मागे दोन्हीकडे चालणारं पेट्रोलचं मशीन बनवलं, त्याच्यातून निघालेली वॉटर्लूची कंपनी पुढे १९१८ मध्ये जॉन डीअरनं विकत घेतली. त्याच आयोवात हार्ट-पार कंपनी, ‘ट्रॅक्टर’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो त्यांच्या जाहिरातीमुळे असं मानतात. त्यांचं ३०-६० मॉडेल फोटोत बघशील तर तुला रोडरोलर वाटेल, वजन दहा टनाच्या घरात, इंजिन थंड ठेवायला पाण्याऐवजी तेल कारण तिकडच्या थंडीत पाणी गोठून ब्लॉक फुटायचा. तिकडच्या सपाट कोरड्या माळावर ते चाललं, आपल्या खाजनात ते उतरवलं असतं तर आजपण तिथेच असतं, वर खेकडे राहिले असते.

आता हा पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ नदीच्या मुखाकडची जमीन आहे, बांध घालून पाण्यातून काढलेली, काळी, मऊ, दलदलीची, आपल्या खाजनाची चुलत बहीण समज. तिथे बेंजामिन होल्ट वाफेचे ट्रॅक्टर बनवायचा आणि ते रुतायचे. त्यानं काय केलं, चाकं रुंद करत गेला, एवढी रुंद की एक मशीन तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ४६ फूट झालं. ४६ फूट! आपल्याकडे कित्येक कुणगे (भाताची बांधलेली वाफे-शेतं) तेवढे रुंद नसतात. ते वळेना, मग त्यानं चाकंच काढली आणि फळ्या जोडलेला साखळीचा पट्टा बसवला, १९०४ च्या नोव्हेंबरात तो चालवून बघितला आणि चालला. त्यातूनच कॅटरपिलर. आपल्या खाणीवर जे पट्ट्यावाले डोझर आयुष्यभर बघितले ना, ते मूळचे शेतातल्या चिखलासाठी झालेत, खाणीसाठी नाही. खाणीवर काम केलेल्या दहा ऑपरेटरना हे सांगितलं तर नऊ जण हसतात.

बरं, मग हलका ट्रॅक्टर कधी आला? हेन्री फोर्डचा फोर्डसन, १९१७. त्याला वेगळी चासीच नव्हती, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना बोल्टनं जोडले आणि तोच सांगाडा. आज तुझ्या समोर जो कुठला ट्रॅक्टर उभा राहील त्याची बांधणी बहुतेक तीच असते, क्लच प्लेट बदलायला आम्ही ट्रॅक्टर मधून ‘तोडतो’ तो त्यामुळेच. वजन सव्वा टनाच्या आसपास, ताकद वीसेक एचपी, १९२२ साली किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आणली आणि अमेरिकेत १९२८ पर्यंत सात लाखांहून जास्त विकले. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर टाकायचा, बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचा नाहीतर दुसऱ्या दिवशी हँडल मारून मारून खांदा निखळणार. न जळलेलं रॉकेल खाली ऑइलमध्ये उतरायचं आणि ऑइल पाणचट व्हायचं. वर्म गिअर नेमका सीटखाली, तो तापला की ड्रायव्हरचं बूड शेकायचं.

पण फोर्डसन हलका केला आणि नवीनच संकट आलं. नांगर मागे साखळीसारखा नुसता अडकवलेला, नांगराचा फाळ दगडाला किंवा मुळाला अडकला की मागची चाकं फिरू शकत नाहीत, मग ट्रॅक्टर स्वतःच चाकाभोवती फिरतो, तोंड वर उचलतं आणि मागे उलटा, ड्रायव्हर खाली. माणसं मेली त्यात. म्हणजे जड केला तर रुततो आणि हलका केला तर उलटतो, असा पेच.

हा पेच सोडवला आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं, आणि माझ्या मते ट्रॅक्टरच्या इतिहासात नमस्कार करावा असा माणूस हाच. त्यानं नांगर मागे अडकवायचा सोडून तीन दांड्यांवर बसवला, खाली दोन आणि वर एक टॉप लिंक, आणि हायड्रॉलिक लिफ्ट. नांगर जमिनीत ओढला जाताना टॉप लिंकवर पुढे दाब येतो, म्हणजे तोंड उचलायच्या ऐवजी पुढची चाकं खाली दाबली जातात, आणि नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे चाक घसरत नाही. वर लोखंड लादायला नको, काम चालू असताना जेवढं हवं तेवढं वजन नांगरच आणून देतो आणि काम संपलं की ते जातं. १९३६ मध्ये त्याचा पहिला ट्रॅक्टर बाजारात आला, १९३८ मध्ये फोर्डबरोबर नुसत्या हस्तांदोलनावर सौदा, कागद नाही काही नाही, १९३९ ला फोर्ड ९एन. पुढे फोर्डच्या नातवानं सौदा मोडला, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड. (जमिनीचे व्यवहार तोंडी करणाऱ्या आमच्या गाववाल्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.) मधल्या काळात फर्ग्युसननं इंग्लंडमध्ये १९४६ पासून टीई-२० काढला, करडा, छोटा, दहा वर्षांत पाच लाखांच्या वर झाले.

ती टॉप लिंक, ती लिफ्ट, ते सगळं तुला देतायत त्या जुन्या ट्रॅक्टरला पण आहे. म्हणून कोणी ट्रॅक्टर दाखवला की आधी बॉनेट उघडू नको, लिफ्ट वर घे, मागे दोन माणसं उभी कर आणि दहा मिनिटं बघ हळूहळू खाली बसते का. बसली तर सिलिंडरचे सील गेलेत किंवा व्हॉल्व्ह लीक करतोय, आणि विकणारा "ऑइल कमी आहे हो" म्हणेल, त्याचं ऐकू नको.

टायरचं राहिलंच. १९३२ पर्यंत बहुतेक ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर, मग अॅलिस-चाल्मर्सनं हवेचे रबरी टायर लावले आणि बाकीचे पण मागोमाग गेले. आता गंमत बघ, सगळं जग लोखंडावरून रबरावर गेलं आणि आपण भातशेतीत जुलै आला की रबर काढून परत लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखं पट्ट्यांचं चाक) चढवतो! कारण चिखलात टायरच्या खाचा दोन मिनिटांत भरतात, मग तो गुळगुळीत गोळा होतो आणि जागच्या जागी फिरतो.

भारताचं थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्याच्या वेळी सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन झाली, युद्धातून उरलेले अमेरिकन पट्ट्यावाले ट्रॅक्टर घेऊन मध्य प्रदेशच्या बाजूला कांस गवतानं खाल्लेली जमीन नांगरायला. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, १९५९, फरीदाबादला, मग साठच्या दशकात टॅफे, महिंद्राचा बी-२७५, एस्कॉर्ट वगैरे, आणि १९७४ ला पूर्ण देशी डिझाइनचा स्वराज. हे सगळे पंजाब-हरियाणाच्या गव्हासाठी, मोठं सपाट शेत, कोरडी कडक जमीन. आणि आपण तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या हाताखाली. नंतर ते ट्रॅक्टर इकडे आले, पण शेतात कमी आणि ट्रॉली लावून चिरे-रेती ओढायला जास्त दिसले. आमच्या दिचोलीत कित्येक वर्षं ट्रॅक्टर म्हणजे चिऱ्यांची गाडी अशीच समजूत होती.

आता आजोबांकडे येऊ. भाताच्या कुणग्यात वर चिखल असतो आणि साधारण वीतभर खाली एक कडक थर असतो. वर्षानुवर्षं नांगर त्याच खोलीवर घासून आणि बैलांचे खूर दाबून दाबून तो तयार होतो. तो थर आहे म्हणून पाणी कुणग्यात थांबतं, नाहीतर चाळणी. बैलाचा पाय त्या थरापर्यंत जातो, टेकतो आणि वर येतो. बैल पाय उचलतो, चाक उचलत नाही, हा सगळा फरक आहे. दीड-पावणेदोन टनाचा ट्रॅक्टर केज व्हीलवर चिखलात फिरवला, एकदा कुठे घसरला आणि ड्रायव्हरनं अॅक्सिलरेटर दाबून धरला की चाक त्या थरात खड्डा पाडतं. पुढच्या वर्षी त्या जागी परत रुततो, आणखी खोल. तीन-चार वर्षांत कुणग्यात ठिकठिकाणी डोह होतात, तिथे लावणीवाल्या बायका मांडीपर्यंत जातात, पाणी टिकत नाही, भात एका जागी हिरवं आणि एका जागी पिवळं. आजोबा याला ‘मारतो’ म्हणत होते. त्यात मेर (शेताचा बांध) वेगळीच, पायऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर आत घ्यायला मेर फोडायची, परत बांधायची, आणि शेजारी बोलायला तयारच असतो.

मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो. शिकाऊ होतो तेव्हा एका खाजनात मोठा ट्रॅक्टर नेला, मालकानं सांगितलं होतं "त्या कोपऱ्यात जाऊ नको, तिथे जुनी पोय बुजवलीय" (पोय म्हणजे खाजनातला पाण्याचा खोल चर), मी गेलोच. एक चाक बसलं, मी डिफरेन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) मारला, दोन्ही बसली. एक्सल चिखलाला टेकला. भरतीची वेळ, मानशीची (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराची) फळी त्या दिवशी नीट बसली नव्हती, खारं पाणी हळूहळू चढत होतं आणि आम्ही सहा जण माडाच्या ओंडक्यांवर जॅक लावून बसलेलो. रात्री साडेदहाला निघाला. मागच्या एक्सलचं ऑइल काढलं तर दुधाचा चहा, म्हणजे आत पाणी शिरलेलं. त्यानंतर मालक माझ्याशी आठ दिवस बोलला नाही आणि त्याचं बरोबर होतं.

मग आपल्याकडे मशीन कुठून आलं? ट्रॅक्टरच्या लाइनीतून आलंच नाही, दुसऱ्या वाटेनं आलं. ऑस्ट्रेलियात आर्थर हॉवर्ड नावाच्या पोरानं १९१२ च्या सुमाराला बापाच्या शेतावर एक विचार केला की नांगर ओढायचाच कशाला, इंजिननं पातीच फिरवून माती कापूया. त्याची एल आकाराची पाती अजून तशीच्या तशी आपल्या रोटरीत (टिलरच्या मागच्या फिरत्या पात्यांच्या भागात) आहेत, १९२० ला पेटंट. स्वित्झर्लंडमध्ये फॉन मायेनबुर्ग पण त्याच सुमाराला तेच करत होता. यात खरी मेख अशी की नांगर मशीनला मागे खेचतो, पण फिरणारी पाती मशीनला पुढे ढकलतात. म्हणजे चाकांना पकड कमी लागते, म्हणजे वजन कमी चालतं. ज्या वजनासाठी अख्ख्या जगानं एवढा घोळ घातला त्याची गरजच कमी झाली! जपान्यांनी हे बरोबर ओळखलं, त्यांची पण शेतं आपल्यासारखीच, तुकडे, पाणी, भात. त्यांनी दोन चाकी, मागून चालत धरायचा टिलर बनवला, आणि तिथून तो भारतात. बंगळूरची व्हीएसटी १९६७ पासून मित्सुबिशीच्या जोडीनं, आणि केरळची सरकारी कंपनी कॅमको १९७३ पासून कुबोटाच्या तंत्रावर. गोव्यात जी पिढी बैलावरून मशीनवर आली ती बहुतेक याच दोघांवर आली. १२-१३ एचपी, वजन चारशे-पाचशे किलो, मेरेवर दोन फळ्या टाकून पलीकडच्या कुणग्यात. आजोबा टिलरबद्दल पण तेच म्हणायचे का, विचार घरी. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं टिलरला एवढी शिव्या देत नाहीत, "खोल जात नाही" एवढंच म्हणतात.

म्हणजे अडाणीपणा नव्हता रे, आपल्या जमिनीला परवडेल असं मशीन यायचं होतं. उशीर मशीनचा झाला. अर्थात बैल गेले ते मशीन चांगलं होतं म्हणून नाही, ते पण खरं. खाणीवर ट्रक आले, घरातला जोत धरणारा पोरगा ड्रायव्हर झाला, बैलांना गवत कोण कापणार.

आता तुझा सौदा. पाऊण हेक्टर, सात तुकड्यांत, त्यात तीन खाजनात, त्यासाठी ३५ एचपीचा ट्रॅक्टर नको, फुकट दिला तरी विचार कर. सरद (पावसाळी) आणि वायंगण (पावसाळ्यानंतरचं) अशी भाताची दोन्ही पिकं धरून तो वर्षात पंधरा दिवस चालेल आणि बाकी दिवस मांडवात उभा राहून बॅटरी मरेल. भाड्याच्या ट्रॉलीचं काम असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो धंदा झाला, शेती नाही. आठशे-नऊशे किलोचे चार चाकी छोटे ट्रॅक्टर आलेत, ते वरच्या खेरातल्या मोठ्या दोन तुकड्यांना बरे, बसून काम होतं, कंबर वाचते. पण पायऱ्यांवर चढवायचा रस्ता नीट हवा. खाजनासाठी मी टिलरच सांगेन, आणि जुना घ्यायचा तर रोटरीच्या चेन केसचं (साखळीच्या पेटीचं) ऑइल काढून बघ, चहासारखं असेल तर सील गेलेत आणि बेअरिंग पण गेलेत असं धर. खाजनात चालवला की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धू, उद्यावर ठेवू नको, खारं पाणी रात्रीत काम करतं.

टिलर चालवायला सोपा वाटतो पण दोन गोष्टींनी माणसं मार खातात. एक, रिव्हर्स घेताना रोटरी चालू ठेवणं. पाती तुझ्या पायाकडे येतात आणि चिखलात पाय पटकन निघत नाही. रोटरी न्यूट्रल, मगच रिव्हर्स, घाई असली तरी. दुसरं, उतारावर स्टिअरिंग उलटं होतं. सपाटीवर डावा क्लच (डावं चाक इंजिनपासून सोडवणारा) दाबला की डावीकडे वळतो कारण उजवं चाक ढकलत असतं. उतारावर इंजिन ढकलत नसतं, धरून ठेवत असतं, तिथे डावा दाबला की डावं चाक मोकळं सुटतं आणि टिलर उजवीकडे जातो. नवीन माणूस घाबरून आणखी जोरात डावा दाबतो आणि थेट खालच्या कुणग्यात. तुझ्या पायऱ्यांच्या शेतात हे रोज होणार, म्हणून उतरताना क्लचला हात लावू नको, लो गिअरमध्ये हँडलनंच वळव.

घ्यायच्या आधी एक कर. पाऊस लागून कुणगे भरले की पहार घेऊन खाजनातल्या तिन्ही तुकड्यांत फिर, दर पाच-सहा पावलांवर नुसत्या हाताच्या जोरानं खाली दाब, कुठे टक्कन थांबते आणि कुठे तशीच जात राहते ते बघ, जिथे जाते तिथे काठी रोवून ठेव. आणि कुठल्या कोपऱ्यात जुनी पोय बुजवलीय का, ते आजीला विचार, आजोबा नसले तरी तिला माहीत असेल. मग मला सांग किती काठ्या लागल्या, त्यावरून केज व्हील कुठल्या मापाचं घ्यायचं ते ठरवू.